चेअरमनसाहेबांचा सी

देवनागरीत मोठं अक्षर नाही, याचं मोल मला आमच्या सोसायटीच्या स्मरणिकेनं शिकवलं. आपल्याकडे रत्नागिरीचा 'र' आणि रताळ्याचा 'र' एकाच उंचीचा, एकाच रेघेला लटकलेला. त्याबद्दल रत्नागिरीकरांनी कधी मोर्चा काढल्याचं ऐकिवात नाही, आणि रत्नागिरीकर उगाच गप्प बसणाऱ्यांतले नव्हेत. कुणाला मान द्यायचा झाला तर आपण अक्षराला हात लावत नाही. पुढे 'मा.' लावतो, 'श्री.' लावतो, मागे 'राव' नाहीतर 'साहेब' जोडतो, क्रियापद अनेकवचनी करतो, आणि एवढ्यानंही भागलं नाही तर शाल-श्रीफळ देतो. इंग्रजीत यातली एकही सोय नाही. तिथे जिल्हाधिकारीही 'ही' आणि त्यांचा ड्रायव्हरही 'ही'. मग आपल्या माणसानं मान ठेवायचा कुठे? उरतं ते कॅपिटल अक्षर. त्यातच आपण गेली दोन शतकं सगळा मानपान कोंबत आलोय, आणि इंग्रजांना याचा पत्ताही नाही.

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून. चार रेघी वही, पहिली लिपी, दुसरी लिपी, आणि पुढे हात वळल्यावर तिसरी-चौथी. पहिल्या लिपीतली अक्षरं वरच्या रेघेला डोकं टेकवून ताठ उभी असत, दुसरीतली बरीचशी मधल्या दोन रेघांत बसकण मारून बसत. गुरुजींनी सांगितलेला नियम दोन ओळींचा होता. वाक्याचं पहिलं अक्षर कॅपिटल, आणि विशेषनामाचं पहिलं अक्षर कॅपिटल. विशेषनामं कोणती? राम, गंगा, हिमालय, मुंबई. व्याकरणाचं कुठलंही पुस्तक उघडा, याच चौघांची वस्ती. या चौघांच्या बाबतीत माझी आजवर एकही चूक झालेली नाही. पण पुढच्या आयुष्यात रामाबद्दल किंवा हिमालयाबद्दल इंग्रजीतून पत्र लिहिण्याचा प्रसंगच आला नाही. नोकरी लागली ती सरकारी कचेरीत, आस्थापना शाखेत.

तिथे मी मसुदा करायचा आणि साहेबांनी तो लाल शाईनं दुरुस्त करायचा. दुरुस्ती बहुधा एकाच प्रकारची असे : लहान अक्षर खोडून मोठं. सुपरिंटेंडंटचा एस मोठा. एक्झिक्युटिव्ह इंजिनिअरचे ई आणि आय दोन्ही मोठे. 'दि अंडरसाइन्ड'चा यू मोठा, म्हणजे सही करणारा माणूस स्वतःच स्वतःला मुजरा करणार. 'काइंड इन्फर्मेशन'चे के आणि आय मोठे. 'नेसेसरी अ‍ॅक्शन'ची दोन्ही अक्षरं मोठी. ती कारवाई कधीच होत नसे, पण थाट पुरता असे. शिपायाचा पी तेवढा लहान. वाक्याच्या सुरुवातीला आला तरच तो मोठा व्हायचा. हे मला तेव्हा खटकलं असं इथे लिहिलं तर लेख चांगला दिसेल. खटकलं नव्हतं. मी स्वतः 'हेड क्लार्क' झालो तेव्हा एच आणि सी दोन्ही मोठे आहेत ना, हे आदेशावर दोनदा पाहिलं होतं.

निवृत्तीनंतर सोसायटीचा सुवर्णमहोत्सव आला आणि स्मरणिका काढायचं ठरलं. अर्धी मराठी, अर्धी इंग्रजी. कारण निम्म्या सभासदांची मुलं न्यू जर्सीत आणि पर्थमध्ये, आणि त्यांच्या मुलांना मराठी बोलता येतं पण वाचता येत नाही. इंग्रजी विभागाचा संपादक कोण, हा प्रश्न आला तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. कचेरीत इंग्रजी पत्रव्यवहार केलेला आणि दुपारी घरी असणारा मी एकटाच होतो. दुसरी पात्रता महत्त्वाची होती.

काम नीटच करायचं म्हणून मी माळ्यावरून 'रेन अँड मार्टिन' काढलं. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो, हिंदुस्थानात राहून इंग्रजी शिकणाऱ्या मुलांसाठी दोन साहेबांनी लिहिलेलं हे व्याकरण मूळ इंग्लंडमध्ये कुणी फारसं विचारत नसावं. आपल्याकडे मात्र ते गीतेच्या शेजारी ठेवतात, आणि गीतेइतकंच उघडतात. मी ते उघडलं. इथेच सगळं बिघडलं. निवृत्त माणसाच्या हाती नियम सापडणं धोक्याचं असतं; त्याच्याकडे तो अमलात आणायला वेळ असतो.

नियम असा की पदनाम माणसाच्या नावाला चिकटून आलं तर कॅपिटल, सुटं आलं तर लहान. म्हणजे प्रेसिडेंट लिंकन म्हणताना पी मोठा, पण 'तो देशाचा प्रेसिडेंट होता' म्हणताना लहान. मग आम्ही कचेरीत जन्मभर काय केलं? मी पुढे वाचत गेलो. मे महिन्याचा एम मोठा, पण उन्हाळ्याचा एस लहान. डोंबिवलीत राहणाऱ्या माणसाला हे पटणं कठीण आहे. आमच्याकडे महिना कुठलाही असो, मोठा असतो तो उन्हाळाच. इंग्रजी विषयाचा ई मोठा आणि गणिताचा एम लहान, याचा अर्थ ज्या विषयानं आम्हाला जास्त रडवलं त्याला कमी मान. 'नॉर्थ इंडिया'तली उत्तर मोठी, पण आमच्या बी विंगच्या उत्तरेच्या भिंतीतून येणारी गळती कितीही जुनी आणि कितीही प्रसिद्ध असली तरी तिचा एन लहानच राहणार. गंगा मोठी, नदी लहान. वडिलांना हाक मारली तर एफ मोठा, 'माझे वडील' म्हटलं तर लहान. म्हणजे 'माझे' म्हटलं की माणूस उतरला. हे मला मुलीच्या लग्नानंतर तसंही कळलं होतं.

मी पेन्सिल घेऊन बसलो आणि स्मरणिकेतले नको तिथले कॅपिटल उतरवायला लागलो. बायकोनं दोनदा 'अहो, जेवून घ्या' म्हटलं. तिसऱ्यांदा तिनं म्हटलं नाही.

पहिलं प्रूफ समितीपुढे ठेवलं ती बैठक सोसायटीच्या ऑफिसात झाली. ऑफिस म्हणजे पंपरूमला लागून असलेली खोली. मोटर चालू असली की प्रत्येक ठराव ओरडून मांडावा लागतो, त्यामुळे साध्या चहाच्या बिलालाही भांडणाचं स्वरूप येतं. चेअरमनसाहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद नाकाजवळ धरला आणि आपलं मनोगत वाचायला घेतलं. तर्जनी ओळीखालून सरकत होती. एका जागी ती थांबली, मागे गेली, पुन्हा त्याच जागी आली. मोटर नेमकी त्याच वेळी बंद पडली.

"माझा सी कुठं गेला?"

"लहान केलाय."

"छापखान्याची चूक?"

"नाही, नियम आहे. सोबत तुमचं नाव नाही ना तिथे. नुसतं चेअरमन म्हणजे सामान्यनाम."

खोलीत शांतता पसरली. "सामान्य," चेअरमनसाहेब म्हणाले. प्रश्नचिन्ह नव्हतं. तेवीस वर्षं बिनविरोध निवडून आलेल्या माणसाला भर बैठकीत सामान्य म्हणणारा मी पहिलाच.

सेक्रेटरींनी हळूच आपलं पान काढून पाहिलं. त्यांचा एसही गेला होता. खजिनदारांनी मोठेपणानं सांगितलं की त्यांना टी मोठा-लहान याचं काही वाटत नाही, फक्त चेअरमनांचा ठेवला तर त्यांचाही ठेवावा. व्हाइस-चेअरमन म्हणाले, व्हाइसचा व्ही लहान असला तरी चालेल, पण चेअरमनचा सी मोठाच हवा. त्यांच्या पदात नाहीतरी तेवढंच घेण्यासारखं आहे. समितीत एक निवृत्त वकील आहेत. त्यांनी उपविधींची इंग्रजी प्रत काढली आणि दाखवलं की तिथे 'सोसायटी'चा एस मोठा आहे, 'मेंबर'चा एम मोठा आहे. मी सांगितलं की कायद्याच्या मसुद्यात एखाद्या शब्दाची आधी व्याख्या करतात आणि मग त्या ठरावीक अर्थानं तो पुढे मोठ्या अक्षरानं वापरतात. ती वेगळी सोय आहे. वकील म्हणाले, मग स्मरणिकेच्या पहिल्या पानावर चेअरमनची व्याख्या करून टाका. हा उपाय बिनतोड होता. पण व्याख्या कोण करणार, यावर कुणीच पुढे आलं नाही.

मी समजूत घालायच्या मागे लागलो. लहान अक्षर म्हणजे अपमान नव्हे, हे पटवायला मला एकदम वॉट आठवला. जेम्स वॉट माणूस म्हणून लिहिला की डब्ल्यू मोठा. पण दिव्याचे वॉट शब्दात लिहिले की डब्ल्यू लहान. अँपियर, व्होल्टा, ओहम, न्यूटन, पास्कल, सगळ्यांची हीच गत; एकक झालं की नाव लहान लिपीत. फक्त खूण मोठी ठेवतात. तुमच्या वीजबिलावर युनिटच्या जागी केडब्ल्यूएच असतं ना, त्यातला के लहान, मधला डब्ल्यू मोठा, एच लहान. तो मधला डब्ल्यू म्हणजे जेम्स वॉट. आमच्यातले निवृत्त विद्युत अभियंते खुर्चीत सावरून बसले. सोसायटीच्या बैठकीत त्यांच्या विषयावर कुणी पहिल्यांदाच बोलत होतं. मी आणखी रंगात आलो. म्हटलं, सँडविच हे एका इंग्रज उमरावाचं पदनाम. कार्डिगन हा दुसरा उमराव, क्रिमियाच्या युद्धातला. आज एकाला लोक खातात, दुसऱ्याला घालतात, आणि दोघंही लहान अक्षरात. जगानं नाव घराघरात नेलं की कॅपिटल गळून पडतो. खरा मोठेपणा तोच. कॅप्टन बॉयकॉट घ्या...

इथे मी थांबायला हवं होतं.

"त्यांनी काय केलं?" चेअरमनसाहेबांनी विचारलं.

आता मागे फिरता येईना. सांगितलं, की हा आयर्लंडमधला एका जमीनदाराचा कारभारी. १८८० साली खंडाच्या वादात कुळांनी आणि गावानं त्याच्याशी व्यवहार तोडला. शेतात मजूर येईनात, दुकानदार माल देईना. त्याचं आडनावच बहिष्काराचं क्रियापद झालं, आणि बी लहान झाला.

चेअरमनसाहेबांनी प्रूफाची घडी घातली. पाणीपट्टी वाढवल्यापासून ए विंग त्यांच्याशी बोलत नव्हती, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

माझा एकच नियम त्यांना मनापासून आवडला. इंग्रजीत 'मी' कायम मोठा, वाक्यात कुठेही येवो, आणि 'तू' कायम लहान. "हे योग्य आहे," ते म्हणाले. मनोगताच्या पुढच्या मसुद्यात ही अक्षरं इतकी वाढली की दुरून पाहिलं तर पानावर गजाची खिडकी बसवल्यासारखं दिसायचं.

या धामधुमीत तळमजल्यावरच्या आजींचा लेख आला. त्या पालिकेच्या शाळेत गणित शिकवायच्या, आणि त्यांचे यजमान सोसायटीच्या पहिल्या सभासदांपैकी. लेख आजींनी स्वतः इंग्रजीत लिहिला होता, फुलस्केपवर, समास सोडून. प्लॉट कसा दलदलीचा होता, पायाच्या खड्ड्यात पाणी भरलं तेव्हा ते रात्री कंदील घेऊन कसे गेले, सिमेंटच्या परमिटसाठी कुठे-कुठे खेपा घातल्या. सुरेख लेख. फक्त 'ही' हे सर्वनाम जिथे जिथे आलं होतं तिथे एच मोठा. वाक्याच्या मधोमधसुद्धा. मी प्रत्येक एचभोवती पेन्सिलीनं वाटोळं केलं आणि खाली गेलो.

आजी मेथी निवडत होत्या. मी म्हटलं, "आजी, इथे एच लहान हवा. वाक्याच्या मध्ये मोठा एच फक्त देवासाठी लिहितात."

"मग?" आजी म्हणाल्या, आणि एक काडी मोडून बाजूला टाकली.

मी उभाच राहिलो. थोड्या वेळानं त्यांनीच गणित सोडवून दाखवलं. "आम्ही कधी नाव घेतलं नाही. उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. 'हे' म्हटलं की हेच, दुसरं कुणी नाही. आता इंग्रजीत 'ही' म्हटलं तर तो कुणीही असेल, वायरमनसुद्धा. मोठा एच केला नाही तर वाचणाऱ्याला कळायचं कसं?"

घरी येऊन मी 'रेन अँड मार्टिन'मधली विशेषनामाची व्याख्या पुन्हा पाहिली. एका विशिष्ट व्यक्तीचं, फक्त तिचंच असलेलं नाव. व्याख्येप्रमाणे आजींचं उत्तर बरोबर येत होतं. मी सगळी वाटोळी खोडरबरानं पुसली. सोसायटीत आजवर केलेल्या कामांपैकी एवढं एकच मला पुन्हा करायला आवडेल.

पण ऑफिसात कुठलीही सवलत गुप्त राहत नाही. दुसऱ्याच दिवशी चेअरमनसाहेब जिन्यात भेटले. "तळमजल्यावर एच मोठा चालतो, आणि चौथ्या मजल्यावर सी लहान?" आता हा व्याकरणाचा मुद्दा राहिला नव्हता, मजल्यांचा झाला होता, आणि मजल्यांचे वाद आमच्याकडे टाकी ओसंडण्यापासून सुरू होऊन सहकार न्यायालयापर्यंत जातात.

बैठक पुन्हा बोलावली. या खेपेला मी इतिहासाचा आधार घ्यायचं ठरवलं. कॅपिटलचा हव्यास इंग्रजांनाही होता आणि तो त्यांनी प्रयत्नानं सोडला, असं दाखवलं की समिती वरमेल, अशी माझी अटकळ. मी सांगितलं, अठराव्या शतकापर्यंत इंग्रज छापखाने जवळजवळ प्रत्येक नामाला मोठं अक्षर देत. अमेरिकेची १७८७ ची राज्यघटना पाहा, साध्यासुध्या नामांचीही पहिली अक्षरं मोठी. पुढे शहाणपण आलं आणि पद्धत गेली. डॅनिश लोकांनी तर १९४८ साली रीतसर सुधारणा करून नामांचे कॅपिटल काढून टाकले. आता उरले जर्मन. ते आजही प्रत्येक नाम मोठ्या अक्षरानं लिहितात. टेबल, खुर्ची, कुत्रा, सगळं.

"सगळं?" सेक्रेटरींनी विचारलं.

"सगळं."

"आणि जर्मन लोक हुशार."

माझ्या पायाखालची फरशी सरकली. व्हाइस-चेअरमन सूचक, खजिनदार अनुमोदक. 'स्मरणिकेच्या इंग्रजी विभागात नामांकरिता जर्मन पद्धत स्वीकारण्यात यावी', ठराव सर्वानुमते मंजूर. इतिवृत्तात आहे. मी विरोध नोंदवायला हात वर केला तो चहा हवाय असं समजून पोऱ्यानं कप पुढे केला.

आमच्या डीटीपीवाल्या पोराला काहीच फरक पडत नव्हता. मराठी टाइप करताना तो इनस्क्रिप्ट वापरतो. तिथे शिफ्ट दाबली की 'क'चा 'ख' होतो आणि 'प'चा 'फ'. आपल्या शिफ्टनं अक्षराला अधिकार मिळत नाही, नुसता दम लागतो. आता इंग्रजीत प्रत्येक नामाला शिफ्ट दाबायची, एवढंच त्याच्या लेखी काम. एका रात्रीत त्यानं सगळी नामं उभी केली आणि प्रूफ आणून दिलं.

पहिला हिसका खजिनदारांना बसला. अहवालात समाजगृहासाठी घेतलेल्या चिनी मातीच्या कपबश्यांचा उल्लेख होता. इंग्रजीत लहान सीचा 'चायना' म्हणजे ती माती, मोठ्या सीचा म्हणजे देश. जर्मन पद्धतीनं सी मोठा झाला, आणि ए विंगमधल्या एका राष्ट्रभक्त सभासदानं लेखी विचारणा केली की सोसायटीच्या पैशातून चीनचा माल कुणाच्या परवानगीनं आणला. कपबश्या खुर्जाच्या होत्या. खजिनदार बिल घेऊन दारोदार फिरले, तरी दोन घरांनी त्या कपातून चहा घ्यायचं आजही टाळलंय.

मग पुढच्या बैठकीत चेअरमनसाहेबांनी आपलं मनोगत वाचलं. सी जागेवर होता. ताठ, गोल, पूर्वीसारखा. चेहरा खुलला. बोट पुढे सरकलं. त्याच परिच्छेदात गेल्या वर्षीच्या कामांचा आढावा होता : लिफ्ट, एल मोठा. कम्पाउंड, सी मोठा, अगदी चेअरमनसारखाच. भटका कुत्रा, डी मोठा. आणि मग एकाच ओळीत, 'चेअरमन'पासून चार शब्द सोडून, 'सेप्टिक टँक'. एस मोठा, टी मोठा. म्हणजे चेअरमनला एक आणि सेप्टिक टँकला दोन.

"हे काय आहे?"

"जर्मन पद्धतीत 'सेप्टिक' लहान राहायला हवं होतं," मी म्हणालो, "ते विशेषण आहे. पोरानं चुकून मोठं केलं. टँकचा टी मात्र ठरावाप्रमाणे बरोबर आहे."

माझ्या काटेकोरपणाचं कुणी कौतुक केलं नाही. ठराव त्याच बैठकीत फिरवण्यात आला, सूचक-अनुमोदक तेच. सगळ्यांनाच मोठं केल्यावर मोठेपणात काही राम राहत नाही, हे चेअरमनसाहेबांना सेप्टिक टँकनं एका ओळीत पटवलं. मला ते दोन बैठकांत जमलं नव्हतं.

इथे माझी बाजू वर होती, आणि ती टिकलीही असती. पण प्रूफं फोनवरून मुलीला पाठवायची दुर्बुद्धी मला झाली. ती बेंगळुरूला असते आणि मला कायम लहान लिपीत निरोप पाठवते. स्वतःचा 'आय'सुद्धा लहान. तिचं उत्तर आलं : 'बाबा, सगळ्यांची पदं लहान केलीत, मग संपादकीयाच्या खाली तुमचा एडिटरचा ई मोठा कसा?' मी कळवलं की ती सहीखालची वेगळी ओळ आहे, शीर्षकासारखी, तिथे चालतं. तिनं उलट विचारलं की मनोगताखालच्या चेअरमनच्या ओळीत का नाही चालत. मी फोन चार्जिंगला लावला. तोवर बायकोनं हा निरोप वाचला होता, आणि बायकोकडून तो सेक्रेटरींच्या घरी गेला होता. बायकोच्या म्हणण्याप्रमाणे ती फक्त विरजण मागायला गेली होती.

अखेर तोडगा काढला तो डीटीपीवाल्या पोरानं. त्याला दुसऱ्या दिवशी लग्नपत्रिकांचं काम होतं आणि आमची फाइल डोळ्यांसमोरून घालवायची होती. त्यानं सगळा इंग्रजी मजकूर निवडला, एक कळ दाबली, आणि सबंध विभाग कॅपिटलमध्ये. पहिलंच नव्हे, प्रत्येक अक्षर. चेअरमन पूर्ण मोठा, सेक्रेटरी पूर्ण मोठा, आजींचा 'ही' दोन्ही अक्षरांनी मोठा, आणि सेप्टिक टँकबद्दल तक्रार करायला आता जागा उरली नाही, कारण त्याच्या शेजारचा 'अँड'ही तेवढाच उंच होता. समिती खूश. मीही लगेच माझं व्याकरण गुंडाळून समर्थनाला उभा राहिलो. म्हटलं, रोममधल्या ट्राजन बादशहाच्या स्तंभावरचा लेख इसवी सन ११३ मधला, तोही असाच सगळा मोठ्या अक्षरांत आहे. आजची लहान लिपी शार्लमेनच्या काळातल्या लेखनिकांच्या वळणावरून आलेली, म्हणजे आठव्या-नवव्या शतकातली; दगडावर कोरताना कुणी लहान अक्षर मागत नव्हतं. आपली सोसायटी थेट रोमनांच्या पंगतीला. चेअरमनसाहेबांनी 'ट्राजन' हे नाव वहीत लिहून घेतलं, भाषणात वापरायला.

प्रकाशन थाटात झालं. पीडीएफ परदेशी गेली. न्यू जर्सीहून एका सभासदाच्या नातवानं आजोबांना फोन करून विचारलं की तुमच्या सोसायटीत सगळे एकमेकांवर ओरडतायत का. त्यांच्याकडे सगळी अक्षरं मोठी म्हणजे आरडाओरडा, असं आजोबांना कळलं, आणि आजोबा म्हणाले की पोरगं इथे कधी आलेलं नाही, तरी बरोबर ओळखलं.

मानाचा प्रश्न मात्र मिटला नाही, त्यानं जागा बदलली. छपाईच्या आदल्या रात्री व्हाइस-चेअरमनांच्या ध्यानात आलं की अक्षरं सगळी मोठी असली तरी ती आणखी मोठी करता येतात. मग डीटीपीवाल्याच्या दुकानात उभ्याउभ्याच वाटप झालं. चेअरमनांचं नाव १८ पॉइंट. सेक्रेटरी १६. खजिनदार १६ मागत होते, १५ वर तयार झाले. व्हाइस-चेअरमननी १४ घेतले पण ठळक. मी लग्नघरच्या भटजीसारखा शेवटपर्यंत थांबलो, तेव्हा माझ्या वाट्याला ८ आले, शेवटच्या पानावर, तळाला. त्याच्या वर अर्धं पान जाहिरात आहे. पाण्याच्या टाक्या साफ करून देणाऱ्याची. त्याचं नाव ३६ पॉइंटात आहे, कारण त्यानं पैसे भरले होते. चेअरमनसाहेबांनी ते प्रकाशनाच्या व्यासपीठावरच पाहिलं. येत्या सभेत ऐनवेळच्या विषयांमध्ये जाहिरातीचं दरपत्रक घेतलंय, आणि टिपण इंग्रजीत करायला मला सांगितलंय.